सावडलेल्या अस्थी काय सांगतात?

नाना गेले तेव्हा त्यांच्याच सांगण्याप्रमाणे शेतात, विहिरीजवळच्या लिंबाखाली अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भावकीतले सात-आठ जण सावडायला गेलो. दूध-पाणी शिंपडून राख निवली आणि आम्ही अस्थी वेचायला बसलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दुःखातही नजर जायची तिकडे गेलीच. मांडीच्या हाडाचा तुकडा खडूसारखा पांढरा होता, त्याचंच टोक निळसर करडं होतं आणि पायाच्या घोट्याजवळचं एक हाड कोळशासारखं काळं होतं. माणूस एक, सरण एक, मग हाडांचे रंग तीन कसे?

थोरल्या चुलत्यांनी सांगितलं, "पायाकडून सुरू करा. हळू उचला, आवाज होऊ देऊ नका." तेव्हा वाटलं, ही घरची रीत असेल. पुढे कळलं की ही रीत फार जुनी आहे, आणि हाडांच्या त्या तीन रंगांवर जगभरातले पुरातत्त्वज्ञ अभ्यास करत आलेत. हजारो वर्षांपूर्वी जाळलेल्या आणि मडक्यात भरून पुरलेल्या माणसांबद्दल आज जे कळतं, त्यातलं बरंच अशाच तुकड्यांतून कळतं. दोन वर्षं मिळेल ते वाचत गेलो आणि जे समजलं ते सोप्या भाषेत लिहितो आहे.

राख लाकडाची, अस्थी माणसाच्या

आपण बोलताना 'राख सावडायला चाललो' म्हणतो. पण राख बहुतेक लाकडाची आणि गोवऱ्यांची असते. माणसाचं जे उरतं ते हाड. प्रौढ माणसाच्या दहनानंतर साधारण १ ते २.४ किलो हाडं शिल्लक राहतात. पाश्चात्त्य देशांत दहनगृहात ही हाडं यंत्रात दळून नातेवाइकांना भुकटी देतात, म्हणून तिकडे माणसाची 'राख' झाली असं वाटतं. प्राचीन काळी दळायचं यंत्र कुठलं? त्यामुळे जुन्या घटांत तुकडे सापडतात आणि तुकडा वाचता येतो.

हाड जळून जात का नाही, हे कुडाच्या भिंतीवरून समजतं. आपल्याकडे तुऱ्हाट्या उभ्या रोवून त्यावर शेणमातीचा गिलावा करतात. तुऱ्हाट्यांमुळे भिंतीला लवचीकपणा येतो, मातीमुळे टणकपणा. हाडातही असंच असतं. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे म्हणजे तुऱ्हाट्या, आणि कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज म्हणजे माती. अशी भिंत पेटली की तुऱ्हाट्या जळून जातात, मातीचा पोपडा मात्र भाजून कडक होतो आणि तुऱ्हाट्यांचे वळ त्यावर तसेच राहतात. हाडाचं तेच होतं. पाणी उडून जातं, कोलॅजेन जळतं, खनिज मागे राहतं.

आता रंगांकडे येऊ. साधारण ३०० अंश सेल्सियसला कोलॅजेनचा कोळसा होतो आणि हाड काळं पडतं. ५००-६०० अंशांच्या पुढे तो कोळसाही जळायला लागतो, हाड करडं आणि निळसर होतं. ७००-८०० अंशांवर सगळा कार्बन निघून जातो आणि खनिज पांढरं शुभ्र दिसतं. उघड्यावरचं लाकडांचं सरण ८०० ते १००० अंशांपर्यंत सहज तापतं. पण उष्णता सगळीकडे सारखी पोचत नाही. पाय सरणाच्या टोकाला येतात, तिथे जाळ कमी पडतो. नानांच्या घोट्याचं हाड म्हणूनच काळं राहिलं होतं.

पुरातत्त्वज्ञ हाच हिशेब उलट्या दिशेने करतो. घटातल्या हाडांत पाठीची हाडं काळी आणि छातीची पांढरी निघाली, तर जाळ कुठे लागला आणि कुठे नाही याचा अंदाज येतो. सगळंच काळं-करडं असेल तर लाकूड कमी पडलं असेल, पाऊस आला असेल, किंवा सरण लवकर विझवलं असेल. यातलं नेमकं काय घडलं ते एका रंगावरून ठरवता येत नाही, कारण जाळ किती वेळ राहिला आणि हवा किती मिळाली यावरही रंग बदलतो. म्हणून रंगाच्या जोडीला अवरक्त किरणांनी तपासणी करतात. हाड जितकं तापतं तितके त्यातल्या खनिजाचे स्फटिक मोठे आणि नीटनेटके होतात, आणि तो बदल या किरणांना दिसतो.

तडा कसा गेलाय ते पाहा

अंगावर मांस असताना जळालेलं हाड आणि आधीच वाळलेलं हाड सारखं तडकत नाही. ताज्या देहाच्या हाडाला आडवे, नखाच्या कडेसारखे वक्राकार तडे जातात आणि ते पिळल्यासारखं वाकडं होतं. वाळलेल्या हाडाला बहुधा लांबीच्या दिशेने सरळ चिरा जातात. आधी देह पुरला, काही वर्षांनी हाडं उकरली आणि मग जाळली, अशी प्रथा असेल तर तिचा माग यातून लागू शकतो. अर्थात हा नियम काळ्या दगडावरची रेघ नाही. कोलॅजेन शिल्लक असेल तर वाळलेलं हाडही वाकतं, हे प्रयोगांत दिसलंय.

जळताना प्रेत हात-पाय आखडतं, कधी उठून बसल्यासारखं होतं. गावात यावरून भीतीच्या कितीतरी गोष्टी सांगतात. माझ्या वर्गातल्या मुलांनीही मला हे विचारलंय. उष्णतेने स्नायू आकसतात, वाकवणारे स्नायू सरळ करणाऱ्यांपेक्षा बळकट असतात, म्हणून कोपर आणि गुडघे दुमडतात. त्यात भुताटकी काही नाही.

भाजताना हाड आकसतंही. किती, ते तापमानावर ठरतं. कधी थोडंच, कधी दहा टक्क्यांहूनही जास्त. याने मोठा घोटाळा होतो. बाई की पुरुष हे ठरवताना हाडांची मापं घेतात, पुरुषांची हाडं सरासरीने मोठी असतात. पण पुरुषाचं हाड जळून आकसलं तर ते बाईच्या मापात येऊन बसतं. न जळलेल्या हाडांची कोष्टकं इथे लावली तर गावभर बायकाच बायका निघतील. म्हणून दहन केलेल्या हाडांसाठी वेगळी कोष्टकं करावी लागतात. त्याशिवाय भुवईची कड, कानामागचा उंचवटा, जबड्याची हनुवटी अशा आकारांवरूनही अंदाज बांधतात. आणि बऱ्याच घटांच्या नोंदीत शेवटी 'लिंग अनिश्चित' असंच लिहिलेलं असतं. मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं.

वय सांगायला दात कामी येतात. बाहेर आलेल्या दाताचं कवच म्हणजे इनॅमल आगीत फुटून त्याच्या चिपा होतात. पण जबड्याच्या आत दडलेला, अजून न उगवलेला दात हाडाच्या आडोशाने वाचतो. त्यामुळे लहान मुलाचं वय कधी कधी मोठ्या माणसापेक्षा नेमकं कळतं. मोठ्यांच्या बाबतीत दातांची मुळं, कवटीच्या सांध्यांच्या शिवणी, मणक्यांच्या कडेला वाढलेली हाडाची झालर पाहतात. ती झालर संधिवाताची खूण असते. जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसाचा कणा जळून गेल्यावरही ते सांगतो.

घटात एकच माणूस आहे का, हा प्रश्न याआधी सोडवावा लागतो. त्याची युक्ती साधी आहे. माणसाला एकच असलेलं हाड किंवा एकाच बाजूचं हाड मोजायचं. कानाच्या आतल्या भागाभोवती कवटीचं एक अतिशय घट्ट हाड असतं. शास्त्रात त्याला दिलेल्या नावाचा अर्थच मुळी 'खडकासारखं'. आगीतून ते हमखास वाचतं. डाव्या बाजूची अशी दोन हाडं निघाली तर घटात किमान दोन माणसं. बहुतेक वेळा एक मोठं आणि एक मूल असं निघतं, आणि ते वाचताना माझं मन थबकतं.

हाडं माणसाचीच आहेत का, हेही पाहावं लागतं. सरणावर जनावराचा भाग ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. तुकडा लहान असेल तर त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. माणसाच्या हाडात गोल-गोल वलयं दिसतात. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्यांच्या हाडात पुष्कळदा विटांच्या रचनेसारखे थर दिसतात. ही खातरजमा न करता किती गफलत होऊ शकते याचं उदाहरण आपल्याच उपखंडात आहे. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या सुरुवातीच्या उत्खननांत सापडलेल्या अनेक मडक्यांना भारतीय पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांच्या काळात दहनानंतरचे अस्थिकुंभ म्हटलं गेलं. त्यांच्यात जनावरांची हाडं, खापरं आणि इतर वस्तू निघाल्या, माणसाची हाडं क्वचितच. पुढच्या अभ्यासकांनी त्या मडक्यांवरचा अस्थिकुंभाचा शिक्का काढून टाकला.

पाय आधी, डोकं शेवटी

आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन वैदिक ग्रंथात अस्थिसंचयनाचा, म्हणजे अस्थी सावडण्याचा विधी दिला आहे. त्यात सांगितलंय की वयस्क माणसांनी, विषम संख्येने, अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीत एकेक अस्थी उचलावी, आवाज न करता कुंभात ठेवावी, आधी पायाची आणि शेवटी डोक्याची. पुरुषासाठी कुंभ, बाईसाठी कुंभी. आणि मग? गंगेत नाही. पावसाखेरीज इतर पाणी चहूबाजूंनी वाहून येणार नाही अशा जागी खड्डा करून त्यात तो कुंभ ठेवायचा, वर माती लोटायची, तोंडाला झाकण घालायचं. खड्ड्यात ठेवताना जी ऋचा म्हणायची तिचा अर्थ 'या भूमातेकडे जा' असा आहे.

हे वाचलं तेव्हा चुलत्यांचे शब्द कानात घुमले. त्यांनी ते सूत्र कधी पाहिलेलं नाही.

या ओळींचा प्रयोगशाळेत थेट उपयोग आहे. अस्थिकुंभ सापडला की आजचे अभ्यासक तो शेतातच रिकामा करत नाहीत. भोवतीच्या मातीसकट पट्ट्या गुंडाळून उचलतात आणि शक्य असेल तर दवाखान्यातल्यासारखा त्याचा सीटी स्कॅन काढतात. मग आतली माती साधारण दोन-दोन सेंटिमीटरच्या थरांनी काढत जातात. प्रत्येक थरातली हाडं १०, ५ आणि २ मिलिमीटरच्या चाळण्यांतून चाळून, धुऊन, वाळवून, वजन करून वेगळी ठेवतात. तळाशी पायाची बोटं आणि वर कवटीचे तुकडे निघाले, तर कुणीतरी पायाकडून वेचत गेलं होतं. सगळं मिसळलेलं निघालं, तर फावड्याने भरलं असावं. वजन दोन-अडीचशे ग्रॅमच भरलं, तर थोड्याच अस्थी नावापुरत्या पुरल्या आणि बाकीच्या दुसरीकडे गेल्या असतील. कोणी किती जपून वेचलं, हे एवढ्या तपशिलात कळू शकतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

बौद्ध परंपरेत या अवशेषांना धातू म्हणतात. तथागतांच्या दहनानंतर अस्थींचे आठ वाटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. स्तूपासाठी वापरतात तो दागोबा हा शब्दही 'धातुगर्भ' यावरूनच आला. म्हणजे जळालेलं हाड जपून ठेवण्याची, त्याला पूज्य मानण्याची परंपरा या मातीत एका धर्मापुरती नाही.

मराठवाड्यात मात्र प्राचीन दहनाचा शोध घेताना एक अडचण येते. आज आपण अस्थी गोदावरीत सोडतो. गंगाखेड, नांदेड, पैठण, जिथे जवळ पडेल तिथे, आणि गोदावरीला गंगाच म्हणतो. पाण्यात गेलेल्या अस्थींचा पुरावा कोणत्याही उत्खननात निघणार नाही. एकाच गावात लिंगायत समाज बसलेल्या स्थितीत दफन करतो, मुस्लिम दफन करतात, गोसावी-नाथपंथी समाधी देतात, आणि दहन करणाऱ्या घरातलं तान्हं मूलही पुरलंच जातं. दोन हजार वर्षांनी कुणी त्या गावाची माती उकरली तर त्याला दफनंच दिसतील. जुन्या काळाबद्दल बोलताना हे लक्षात ठेवलं पाहिजे. सापडलेली प्रेतं ही गावातली सगळी माणसं नसतात.

महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे त्या काळातल्या दफनांवर सर्वांत बारकाईचं काम इनामगावला झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत घालून घरातल्या जमिनीखालीच पुरलेलं तिथे आढळलं. ती हाडं जळालेली नव्हती. त्याच काळातल्या जोर्वे नावाच्या संस्कृतीची वस्ती आपल्याकडे पैठणजवळ आपेगावला आहे. १९७६ साली तिथे उत्खनन झालं. संत ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं आपेगाव म्हणून आपण ते ओळखतो, पण गोदाकाठी त्या जागेच्या आसपास तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसं नांदत होती.

भाजलेली वीट आणि हाडाचं माहेर

आता या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडलेला भाग सांगतो.

बरीच वर्षं जळालेलं हाड म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीने वाया गेलेलं हाड, असंच मानलं जायचं. त्यात डीएनए उरत नाही, कोलॅजेन उरत नाही, मग तपासायचं काय? आकडेवारी लिहायची आणि डबा बंद करून ठेवायचा. काही ठिकाणी तर जुन्या उत्खननकर्त्यांनी घट ठेवला आणि आतली हाडं फेकून दिली.

यात चूक काय झाली ते वीटभट्टीवर कळतं. कच्ची वीट पावसात ठेवा, दोन दिवसांत चिखल. तीच वीट भाजून ठेवा, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहनांच्या काळातल्या विटा अजून आहेत. हाडाचंही तसंच. न जळलेलं हाड जमिनीत स्पंजासारखं असतं. भोवतीच्या पाण्यातलं, मातीतलं काहीबाही शोषत राहतं. पूर्ण भाजून पांढऱ्या झालेल्या हाडातले स्फटिक मोठे आणि घट्ट होतात, बाहेरचं आत यायला वाट उरत नाही. त्यामुळे त्या माणसाने जिवंतपणी जे खाल्लं-प्यायलं त्याची एक खूण आत कुलूपबंद राहते. ती खूण म्हणजे स्ट्रॉन्शियम.

स्ट्रॉन्शियम हा धातू कॅल्शियमचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे. खडकातून मातीत, मातीतून पाण्यात आणि ज्वारीत, तिथून आपल्या पोटात जातो आणि हाडात कॅल्शियमच्या जागी बसतो. त्याचे काही प्रकार असतात. त्यातल्या ८७ आणि ८६ या वजनांच्या प्रकारांचं प्रमाण प्रत्येक खडकात वेगळं असतं. कारण रुबिडियम नावाचं मूलद्रव्य अतिशय सावकाश किरणोत्सर्ग करत स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतं. त्याचं अर्ध व्हायला सुमारे ४९ अब्ज वर्षं लागतात. खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितकं जास्त, तितकं हे प्रमाण मोठं.

आपला मराठवाडा बहुतेक बेसॉल्टवर बसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, ज्यातून आपली काळी कसदार जमीन झाली. भूगर्भाच्या हिशेबात तो तरुण खडक, आणि त्यात रुबिडियम कमी. म्हणून हे प्रमाण इथे कमी, बऱ्याच थरांत ०.७०५ च्या आसपास असतं. पण नांदेड जिल्ह्यात पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला गेलात तर बेसॉल्ट संपतो आणि अब्जावधी वर्षं जुना ग्रॅनाइट वर येतो. गोल-गोल धोंड्यांचे डोंगर दिसू लागतात, पुढे तेलंगणात तेच. तिथे हे प्रमाण खूपच चढं असतं. दशांशाच्या तिसऱ्या-चौथ्या घरातला फरकही यंत्राला नीट मोजता येतो, आणि इथला फरक तर दुसऱ्या घरापर्यंत पोचतो.

समजा हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची एक बाई. देगलूरकडे जन्मली, लग्न होऊन बीडकडे आली, तिथेच वारली, दहन झालं, अस्थी घटात पुरल्या. कानाच्या आतलं जे खडकासारखं हाड मघाशी सांगितलं, त्याचा सर्वांत आतला भाग आईच्या पोटात आणि पहिल्या एक-दोन वर्षांत तयार होतो आणि नंतर बदलत नाही. बरगडीचं हाड मात्र शरीर सतत झिजवून नवं करत असतं. तिथे आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांचंच खाणंपिणं साठतं. त्यामुळे तिच्या कानातलं हाड ग्रॅनाइटचं प्रमाण दाखवील आणि बरगडी बेसॉल्टचं. कान माहेर सांगतो, बरगडी सासर. ही बाई मी कल्पनेने उभी केली, पण पद्धत खरी आहे. युरोपातल्या जुन्या दहनभूमींतल्या हाडांवर ती वापरली गेली आहे.

भाजलेल्या हाडात स्ट्रॉन्शियम टिकून राहतं हे २०१५ मध्ये ख्रिस्तोफ स्नुक या बेल्जियन शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं. पुढे २०१८ मध्ये त्यांनीच इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाजवळच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथली कहाणी सांगण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात कर्नल हॉली यांच्या उत्खननात दहन केलेली पुष्कळ हाडं निघाली. त्या वेळी त्यांचं काय करावं कळेना, म्हणून १९३५ मध्ये ती सगळी एकाच खड्ड्यात पुन्हा पुरून टाकली. २००८ मध्ये ती परत काढली. मिसळलेल्या त्या ढिगातून २५ माणसांची हाडं तपासली, त्यांपैकी किमान १० जण स्टोनहेंजच्या आसपास राहणारे नव्हते. त्यांच्या हाडांतलं प्रमाण पश्चिम वेल्सशी जुळतं. स्टोनहेंजचे लहान निळसर दगड ज्या भागातून आणले तोच हा भाग. जी हाडं निरुपयोगी म्हणून परत मातीत लोटली होती, त्यांनीच पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचा पत्ता दिला.

आपल्या हवामानात या पद्धतीचं मोल आणखी वाढतं. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नासतो. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनांमधून ६१ नमुने तपासले तेव्हा एकाच व्यक्तीचा उपयोगी डीएनए हाती आला आणि तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती तर न जळलेली हाडं होती. आपल्याकडे जो उन्हाळा डीएनए खातो, तो भाजलेल्या हाडातल्या स्ट्रॉन्शियमचं काही बिघडवू शकत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. हाड पूर्ण पांढरं झालेलं हवं, काळं-करडं चालत नाही. एकाच प्रकारच्या खडकावरची दोन गावं वेगळी ओळखू येत नाहीत. बीडचा माणूस आणि जालन्याचा माणूस यात फरक कळणार नाही. कोकणातून येणाऱ्या समुद्री मिठासारख्या बाहेरच्या गोष्टी हिशेब थोडा हलवतात. आणि सगळ्यात आधी त्या त्या भागाचा नकाशा हवा. कुठल्या तालुक्यातल्या झाडपाल्यात, विहिरीच्या पाण्यात किती प्रमाण आहे हे मोजल्याशिवाय हाडातला आकडा कशाशी ताडून पाहणार? यातलं नमुने गोळा करण्याचं काम अवघड नाही. आमच्या महाविद्यालयांतली भूगोल-भूगर्भशास्त्राची पोरं ते आनंदाने करतील. हे काम मराठवाड्यात व्हावं असं मला मनापासून वाटतं.

किती जुनं, हे सरपण ठरवतं

काळ ठरवण्याचं थोडक्यात सांगतो. सजीव मेल्यावर त्याच्यातला कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन सावकाश कमी होत जातो, तो किती उरला यावरून काळ काढतात. या पद्धतीत एरवी हाडातलं कोलॅजेन वापरतात. जळालेल्या हाडात ते नसतं, म्हणून पूर्वी सोबतच्या कोळशावर भागवायचे. २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी दाखवलं की पांढऱ्या हाडाच्या खनिजात अडकलेल्या थोड्याशा कार्बोनेटवरूनही काळ काढता येतो. एक-दोन ग्रॅम हाड पुरतं.

पण पुढच्या प्रयोगांत एक गोष्ट उघड झाली. सरणावर हाड तापत असताना त्याच्यातला कार्बन आणि भोवतीच्या धुरातला कार्बन यांची अदलाबदल होते. म्हणजे हाडात जो कार्बन मिळतो त्यातला बराच वाटा लाकडाचा असतो! दोनशे वर्षांच्या चिंचेचा गाभा सरणात वापरला असेल, तर त्या गाभ्यातला कार्बन आधीच दोनशे वर्षांचा. हाडाचं वय तेवढं जास्त दिसू शकतं. बाभळीच्या फांद्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या वापरल्या असतील तर फरक जवळपास नाही. दुसरीकडे याचा फायदाही होतो, कारण सरण कशाचं होतं, याची थोडी माहिती हाडातल्या कार्बनमधूनच मिळते. गरिबाचं सरण आणि श्रीमंताचं सरण तेव्हाही सारखं नसणार.

पांढरीत मडकं निघालं तर

आपल्याकडे जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. धाब्याच्या घरांवर टाकायला, शेतात पसरायला तिथली माती पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेली गेली. आता बैलगाडीच्या जागी जेसीबी आला आहे आणि एका दिवसात अख्खी पांढरी सपाट होते. शेततळं खणताना, पाइपलाइनचा चर घेताना मडकी निघतात. गुप्तधन असेल म्हणून ती फोडतात, आत हाडं निघाली की घाबरून नदीत सोडतात. मी स्वतः एका गावात असं ऐकलं. मडकं फोडून झालं होतं, हाडं पांढरी होती एवढंच सांगणाऱ्याला आठवत होतं. मी त्याला दोष दिला नाही. मेलेल्या माणसाची हाडं दिसल्यावर हात जोडून पाण्यात सोडणं यामागे आदरच आहे.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. असं मडकं दिसलं तर त्याला हात लावू नका आणि आतली माती काढू नका, ती मातीच अर्धी माहिती आहे. पाण्याने धुऊ नका. जागेचा मोबाइलवर फोटो घ्या, शेजारी मापासाठी एखादी काठी किंवा कुदळ ठेवा, भोवती काट्या लावून जागा झाका. तहसील कार्यालयात कळवा. तेर आणि पैठण दोन्हीकडे शासनाची वस्तुसंग्रहालयं आहेत, छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, तिथेही सांगता येतं. तोवर पाऊस येईल असं वाटलं तर वर ताडपत्री टाका, पण तिच्या कडांवरून पाणी खड्ड्याकडे वाहणार नाही असं पाहा.